गेलेल्या वस्तूंचा जमाखर्च

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली म्हणजे माळ्यावरून काही वस्तू खाली येतात आणि पुसून पुन्हा वर जातात. पितळी बंब, काच तडकलेला कंदील, पावशेराचे लोखंडी वजन, स्टोव्हची पिन, तारेत ओवून ठेवलेली कार्डे आणि पाकिटे. घरातील वडीलधाऱ्यांपाशी यांतील प्रत्येक वस्तूची एकेक कथा असते. धाकट्यांना बहुधा त्यांची नावेही ठाऊक नसतात. अलीकडे अशा वस्तूंच्या आठवणींना बरे दिवस आले आहेत. जाते उपाहारगृहाच्या दाराशी शोभेसाठी मांडलेले दिसते आणि कंदिलात विजेचा दिवा लागलेला असतो.

या हळहळीत वावगे काही नाही. मनुष्य आपल्या बालपणाशी ज्या धाग्यांनी बांधलेला असतो त्यांत वस्तूंचा धागा फार चिवट असतो. तथापि आठवणींना एक खोड असते. त्या वस्तू जपतात, पण त्या वस्तू चालविण्यासाठी जे हात राबत होते त्यांचा त्यांना विसर पडतो. ‘पूर्वी सारे स्वस्त होते, साधे होते आणि टिकाऊ होते’ हा निष्कर्ष वहीची केवळ जमेची बाजू वाचून काढलेला असतो. नाहीशा झालेल्या वस्तूंचा खरा विचार करावयाचा असेल तर दोन प्रश्न एकाच वेळी विचारले पाहिजेत. ती वस्तू वापरात असताना तिची किंमत कोण मोजत होते? आणि ती गेल्यावर कोणाचे काय गेले?

स्वस्ताईचा भ्रम

पहिल्याप्रथम स्वस्ताईची गोष्ट निकालात काढणे बरे. एका आण्यात चहा मिळत असे, हे खरे आहे. परंतु किंमत ही एकटी कधीच बोलत नाही; ती मिळकतीच्या जोडीने वाचावी लागते. ज्या काळी चहा आण्याला मिळे त्या काळी दिवसभर राबून हाती येणारे आणेही मोजकेच होते. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते आणि सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या घरात होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कुटुंबांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रांगेत उभे राहून घेतली, ही गोष्ट त्या पिढीतील पुष्कळांना आजही आठवते. दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, स्कूटरची गतही तीच होती. तुटवड्यालाच साधेपणाचे नाव देणे हे दुरून पाहणाऱ्याला सोपे जाते.

याचा अर्थ त्या काळातून काही मिळण्यासारखेच नव्हते असा मात्र नव्हे. हिशेब एकेका वस्तूचा वेगळा करावा लागतो.

शेर, पायली आणि पावकी

वजनमापांचे उदाहरण घ्यावे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, ही रचना आज किचकट वाटते. पण ती वेडगळ नव्हती. हाताने वाटणी करताना माणूस एखाद्या वस्तूचे दहा भाग करीत नाही. तो तिचा अर्धा करतो, अर्ध्याचा पाव करतो. सोळाचा आकडा या वाटणीला सोयीचा. शिवाय जुन्या रुपयाचे तिघांत सारखे वाटे होत, प्रत्येकी ६४ पै. शंभर पैशांच्या रुपयाचे ते होत नाहीत. धान्याच्या मापांतही हेच दुपटीचे सूत्र होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. या व्यवहाराला लागणारे गणित शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी या पाढ्यांतून घोकून घेतले जाई. फारसे न शिकलेला वाणीसुद्धा पावणेचार शेरांचा भाव सव्वासात आण्यांनी तोंडी सांगत असे, तो याच पाढ्यांच्या बळावर.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत आणि पाव पैशाचे नाणे तर कोठेच नव्हते. त्यामुळे सुरुवातीला दुकानादुकानांतून वाद झाले. १९५६ च्या कायद्यानुसार पुढे १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. १९६४ मध्ये ‘नव्या’ पैशातील ‘नवा’ हा शब्द गळला आणि २०११ मध्ये तर पंचवीस पैसे व त्याखालची सर्व नाणी व्यवहारातून बाद झाली. चार आणे शब्दातच उरले.

या बदलाने काय गेले? तोंडी हिशेबाची एक परंपरा गेली. तिची जागा कागदाने आणि नंतर यंत्राने घेतली. पण काय आले, हेही त्याच वेळी पाहिले पाहिजे. पायली सर्वत्र सारखी नव्हती. एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळत नसे, आणि कोणती पायली किती भरते याची पक्की माहिती व्यापाऱ्याला असे, शेतकऱ्याला नसे. मापावर शीग ठेवावयाची की हात फिरवून ते सपाट करावयाचे हे मापणाऱ्याच्या मर्जीवर होते. देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे, ही सावकाराविषयीची तक्रार कपोलकल्पित नव्हती. सर्वत्र सारखा असणारा किलोग्रॅम हा रुक्ष खरा, परंतु तो खेड्यातल्या अडाणी विक्रेत्याचे संरक्षण करतो. पावकी गेल्याची हळहळ गणिताच्या शिक्षकाने अवश्य करावी. पायली गेल्याची हळहळ करण्याचे कारण शेतकऱ्याला नाही.

जात्यावरचे दळण

स्मरणरंजनाची खरी कसोटी जात्यापाशी लागते. गतकाळातील कोणत्याही वस्तूभोवती जात्याइतके काव्य गोळा झालेले नाही, आणि ते योग्यच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्यांना पाटीपेन्सिल मिळाली नाही अशा स्त्रियांनी केलेली ही रचना आहे. माहेर, भाऊ, लेक, देव यांच्याबरोबरच सासुरवास, उपासमार आणि नवऱ्याचा जाच हेही तिच्यात आहेत.

परंतु ओवी सुचली ती हौसेने नव्हे. खुंटा ओढताना श्वासाला लय हवी होती म्हणून ती आली. पहाटे सारे घर झोपेत असताना उठून कुटुंबाला दिवसभर पुरेल एवढे पीठ दळावयाचे, आणि मग पाणी, स्वयंपाक व शेत, असा तो क्रम होता. आजारपणात, गरोदरपणातही त्याला सुट्टी नसे. विजेची पिठाची गिरणी गावात आली तेव्हा ओवी थांबली, कारण ज्या श्रमातून ती निघे ते श्रमच थांबले. ज्या स्त्रियांनी जाते ओढले त्यांच्यापैकी कितीजणी ते परत मागतील?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. घरातील स्त्री जेव्हा घरचे धान्य दळते तेव्हा तिच्या श्रमाचा एक पैसाही राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. तेच धान्य गिरणीत गेले आणि गिरणीवाल्याने दळणावळ घेतली की ती रक्कम उत्पन्नात मोजली जाते. पीठ तेवढेच असते; परंतु कागदावर राष्ट्र किंचित श्रीमंत होते. याची दुसरी बाजू अशी की जात्याच्या काळात घराघरांत जे प्रचंड काम होत होते त्याची कोठेच नोंद नव्हती. आठवणींच्या लेखांत जाते असते पण ते ओढणारीचा शीण नसतो, याचे मूळ या न मोजण्याच्या सवयीतही आहे. जे हिशेबात कधी आले नाही ते स्मरणात तरी कसे यावे?

रॉकेलच्या स्टोव्हविषयीही असेच म्हणावे लागेल. पंप मारल्यावर उठणारा त्याचा आवाज, पिन, रॉकेलची रांग यांच्या आठवणी मध्यमवर्गात आवडीने निघतात. परंतु याच स्टोव्हच्या ‘भडक्याने’ तरुण सुना जळून मेल्याच्या बातम्या १९७० आणि १९८० च्या दशकांत वृत्तपत्रांतून वरचेवर येत. त्यांतील सगळेच अपघात नव्हते. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आणि १९८६ मध्ये हुंडाबळीसंबंधीचे ३०४-ब हे कलम घालण्यात आले, त्यामागे या बातम्या आणि त्यांविरुद्ध उभे राहिलेले स्त्रियांचे आंदोलन होते. स्टोव्ह माळ्यावर गेला. त्या मुलींची आठवण मात्र कोणत्याही प्रदर्शनात मांडलेली नसते.

शेकडा पाचाची मनीऑर्डर

आता एक अशी वस्तू पाहावी की जिच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू बरोबरीला येतात. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डरची सेवा सुरू केली आणि पुढील शंभर वर्षे कोकणातील व घाटावरील शेकडो गावे तिच्यावर जगली. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा, खाणावळीत जेवणारा कामगार पगार झाला की रांगेत उभा राही. गावी चूल पेटे ती त्या पैशावर. रत्नागिरीच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नाव पडले ते उगीच नव्हे.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी जागा असे. ‘मुलाच्या वह्या घ्याव्या, सावकाराचे दहा द्यावे, उरतील त्यात घर शाकारावे.’ लिहिता न येणारा कामगार तो मजकूर दुसऱ्याकडून लिहवून घेई, आणि वाचता न येणाऱ्या बायकोला पोस्टमन तो वाचून दाखवी. मग सहीच्या जागी तिचा अंगठा उठे आणि ती पोच मुंबईला परत येई. दोन ओळींचा निरोप आणि एक अंगठा एवढ्यावर संसार चालत. टपालाच्या आठवणी काढताना सुरेख हस्ताक्षरातील लांबलचक पत्रांचा उल्लेख होतो. पण बहुसंख्यांचा पत्रव्यवहार हा असा होता.

याची किंमत काय? कित्येक वर्षे दर २० रुपयांमागे १ रुपया, म्हणजे शेकडा ५. पेढीत खाते असलेल्या सुखवस्तू माणसाला रक्कम पाठविण्यास याहून पुष्कळ कमी खर्च येई. सर्वांत कमी मिळविणारा सर्वांत जास्त दराने पैसे पाठवीत होता. २०१६ मध्ये यूपीआयची व्यवस्था आली. आज तोच व्यवहार क्षणात आणि पाठविणाऱ्याला काही न पडता होतो. एका गरीब कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीतून जाणारा तो विसावा हिस्सा वाचला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पोस्टमनच्या खाकी पिशवीची आठवण कितीही हृद्य असली, तरी ही बचत तिच्यापुढे तोलून पाहिली पाहिजे.

पण मनीऑर्डरची कथा येथेच संपत नाही. गिरणगावाकडून गावाकडे जाणारा तो ओघ आटला, तो मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. गिरण्यांच्या जागी पुढे उंच इमारती आणि मॉल उभे राहिले. मनीऑर्डरची जागा दुसऱ्या साधनाने घेतली. ती पाठविणाऱ्याची जागा मात्र अनेक घरांत रिकामीच राहिली. सेवा जाणे आणि ती वापरणाऱ्याचे उत्पन्न जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि स्मरणरंजनात त्यांची नेहमी गल्लत होते.

कल्हईवाला आणि तारमास्तर

वस्तू गेली म्हणजे तिच्यावर पोट भरणाऱ्याचे काय होते, हा या जमाखर्चातील सर्वांत दुर्लक्षित रकाना आहे. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून त्यांना आतून कथिलाचा मुलामा द्यावा लागे. झाडाखाली खड्डा करून, कोळसे पेटवून, भाता चालवून कल्हईवाला भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात ते आतून चांदीसारखे करी. पांढरा धूर उठे आणि गल्लीतील मुले ते पाहण्यास गोळा होत. त्या मुलांच्या आठवणीत हा प्रसंग जादूसारखा राहिला आहे. भाता ओढणारा मुलगाही त्यांच्याच वयाचा असे. पण तो शाळेत जात नसे आणि तो धूर त्याच्या छातीत रोज जाई, हे त्या आठवणीत नसते.

स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली आणि कल्हईचे काम संपले. गृहिणीचा खर्च वाचला, घासण्याचे कष्ट कमी झाले. कल्हईवाल्याला मात्र कोणी नोटीस दिली नाही, की भरपाई दिली नाही. तो हळूहळू दिसेनासा झाला, आणि तो केव्हा दिसेनासा झाला हेही कोणाच्या लक्षात आले नाही.

याच्या शेजारी तारेचे उदाहरण ठेवावे. दारात तारवाला दिसला की घरातील माणसांच्या पोटात गोळा येई, कारण आनंदाची बातमी पत्रानेही कळवता येई, मृत्यूची तेवढी तारेने यावयाची. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून भाषा आखूड होई. दीडशेहून अधिक वर्षे चाललेली ही सेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली. त्या दिवशी तारघरांतून शेवटची तार करण्यासाठी गर्दी झाली, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, आणि त्या सेवेत उरलेल्या थोड्या कर्मचाऱ्यांना दूरसंचार निगमाने दुसरी कामे दिली. ते उचितच झाले. परंतु त्याच काळात रस्तोरस्तीची एसटीडी-पीसीओची दुकाने मोबाईलमुळे ओस पडत होती. त्यांतील पुष्कळ अपंगांना प्राधान्याने देण्यात आली होती आणि ती त्यांच्या उपजीविकेचे एकमेव साधन होती. त्यांच्यासाठी गर्दी झाली नाही, अग्रलेखही निघाले नाहीत.

तारमास्तराचा पगार चालू राहिला आणि बूथवाल्याचा गल्ला बंद झाला, यात कर्तृत्वाचा फरक नव्हता. एकाच्या मागे नोकरीचा करार होता आणि दुसऱ्याच्या मागे काही नव्हते, एवढाच फरक होता. नवे साधन येते तेव्हा समाजाला एकूण लाभ होतो, हे अर्थशास्त्रातील विधान खरे आहे. परंतु तो लाभ लाखो लोकांत थोडाथोडा वाटला जातो आणि तोटा थोड्या लोकांच्या पदरी सगळाच्या सगळा पडतो. लाभातील काही भाग तोटा सोसणाऱ्यांना पोहोचविण्याची सोय नसेल, तर प्रगतीचा हिशेब अर्धाच मांडलेला राहतो.

दुरुस्तीची विद्या

वस्तूंबरोबर एक गोष्ट मात्र अशी गेली की जी जाण्याचे कारण नव्हते. ती म्हणजे दुरुस्तीची विद्या. जुन्या वस्तू अधिक टिकाऊ होत्या असे सर्रास म्हटले जाते. त्या मोडत नव्हत्या असे नव्हे. त्या उघडता येत होत्या. स्टोव्हचा वॉशर बदलता येई, छत्रीची काडी बसवता येई, रेडिओ उघडून पाहता येई. भांड्याला डाग देणारा, खुर्चीला वेत विणणारा, पेनची निब घासून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर असे, आणि त्याच्यापाशी असलेले ज्ञान कोणत्याही कारखान्याच्या मालकीचे नव्हते. आजची बरीच उपकरणे बाहेरच्या माणसाने उघडू नयेत अशाच बेताने बनविलेली असतात. सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर नव्या वस्तूच्या जवळपास किमतीला मिळतो, आणि चार वर्षांची वस्तू भंगारात जाते. जाते जाण्यात श्रमाची सुटका होती. दुरुस्ती जाण्यात सुटका कोणाचीच नाही.

या बाबतीत काही करता येण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही उघडले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती व सुटे भाग यांविषयीची माहिती ग्राहकांपुढे ठेवावी, हा त्यामागील हेतू. पाऊल स्तुत्य आहे. पण ज्या हक्कामागे सक्ती नाही तो कारखानदाराच्या सदिच्छेवर सोडलेला हक्क होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दुरुस्तीच्या व्यवसायांना मानाचे स्थान, सुटे भाग ठरावीक वर्षे पुरविण्याचे बंधन आणि वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेची ठळक नोंद, या तीन गोष्टी कायद्याने करणे अशक्य नाही.

राहिला प्रश्न आठवणींचा. शाळामहाविद्यालयांतून जुन्या वस्तूंची प्रदर्शने भरतात, विद्यार्थी घरोघर जाऊन कंदील आणि पायल्या गोळा करतात. हा उपक्रम चालू राहावा. मात्र वस्तूखाली तिचे नाव लिहिताना ती कोण चालवीत असे, त्याला किंवा तिला त्याबद्दल काय मिळत असे आणि ती गेल्यावर त्या माणसाचे काय झाले, हेही आजीआजोबांना विचारून लिहावे. बँकेतील पासबुक भरणारा कारकून, तिकीटखिडकीवरचा माणूस, टंकलेखन शिकविणारी संस्था यांच्यावर आज तीच पाळी येत आहे. त्यांच्या वस्तू उद्या माळ्यावर जातील तेव्हा हळहळ होईलच. ती होण्यापूर्वी, ती माणसे अजून कामावर आहेत तोवरच, त्यांच्या पुढच्या सोयीचा विचार व्हावयास हवा.